वळणावर न वळलेली धूळ

भावाला ते टेकाडावरचं घर घ्यायला मीच सांगितलं. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्या एका शहाणपणातून निघालं आणि शहाणपणा शिकवणं ही माझी जुनी खोड आहे. कुंभकोणमच्या एका मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्त झाले तेव्हा शिकवायला हक्काचं कुणी उरलं नाही, म्हणून धाकट्या भावाला फोनवरून शिकवत असते. तो जावा बेटावर एका सूतगिरणीत इंजिनियर आहे. पन्नाशीला आलाय, पण माझ्यापुढे अजून मान खाली घालून बसतो, निदान फोनच्या चौकटीत तरी.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ते मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि इथेच मुरलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. हे असं छापील मराठी मी भावजयीकडून उचललं. ती साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा आमचं बोलणं ऐकून पदराआड हसायची. मी तिला बजावलं, हसायचं तर तोंडावर हस आणि माझ्या चुका सुधार. तिने दोन्ही कामं मन लावून केली.

तर ते घर. नवीन गिरणीत बदली झाल्यावर भावाने एका सकाळी फोन करून मला दोन घरं दाखवली होती. गिरणी एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी होती. डोंगर ज्वालामुखी होता, माथ्यावर पांढरा धूर कायमचाच, पण तिकडच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही म्हणे. डोंगरावरून एक नदी सरळ खाली यायची, बहुतेक कोरडी, आणि एका टेकाडाच्या पायाशी आल्यावर उजवीकडे वळून गिरणी कामगारांच्या वस्तीजवळून पुढे जायची. एक घर खाली, बाजाराच्या बाजूला, नदीपासून बरंच लांब. दुसरं त्या टेकाडावर, नदीच्या पात्रापासून चांगलं आठ-दहा पुरुष उंच, समोर अख्खा डोंगर.

"अक्का, कोणचें घेऊं?" त्याने विचारलं.

"वरतें," मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

आमच्या भागातली माणसं घर बघायला गेली की खोल्या, प्रकाश, हवा नंतर बघतात. पहिला प्रश्न असतो, पाणी कुठवर आलं होतं? एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला अरसलार, आणि मध्ये आम्ही. आमच्या घराला रस्त्यापासून पाच पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर वडिलांनी खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. त्यांच्या तरुणपणी पाणी तिथवर आलं होतं. तीन पायऱ्या हातात राहिल्या, असं ते आयुष्यभर समाधानाने सांगत. वरून येणारी गोष्ट नदीच्या वाटेने येते आणि उंचावरच्या माणसाला सोडून देते, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. त्यामुळे डोंगरातून काही आलंच तर ते नदीतून येईल, टेकाडाशी वळेल आणि जाईल, असं मी भावाला समजावलं. त्यालाही ते पटलं, कारण तोही त्याच पायऱ्यांवर वाढलेला.

यानंतर वर्षभराने एका जुन्या विद्यार्थिनीने मला एक चित्रफीत पाठवली. सकाळची वेळ, फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं, मी फोन उघडला. कुठल्याशा ज्वालामुखीच्या उतारावरून राखाडी धुराचा लोट खाली येत होता. वर नव्हे, खाली. जमिनीला पोट घासत, फुगत, पुढच्या पुढे नवे फुगे काढत, आणि इतक्या वेगाने की चित्रण करणारा माणूस फोन तसाच धरून पळत सुटला होता. मी ती फीत सात-आठ वेळा पाहिली. दूध उतू गेलं.

खरं सांगते, तेव्हा मला भावाची आठवणसुद्धा झाली नाही. मला एकच पडलं होतं, हा धूर वर का जात नाही? जन्मभर धूर वर जाताना पाहिला. चुलीचा, उदाचा, होमाचा, उसाच्या गुऱ्हाळाचा. तापलेली हवा हलकी, हलकं ते वर, हे तर मी स्वतः सातवीच्या मुलींना शिकवलं. मग शेकडो अंश तापलेला हा धूर जमिनीवर सरपटतो कसा?

दोनच दिवसांनी एका लग्नाला गेले. आता आमच्याकडच्या मंगल कार्यालयांत नवरा-नवरी स्टेजवर येताना पायांत पांढरं धुकं सोडायची टूम निघाली आहे. एरवी मी त्यावर नाक मुरडते, एकदा त्यापायी माझ्या रेशमी पट्टुसाडीचा काठ ओला झाला होता. त्या दिवशी मात्र नवरीकडे न बघता मी धुक्याकडेच बघत राहिले. ते स्टेजच्या कडेवरून खाली ओघळलं, पायरी पायरी उतरलं आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांखालून माझ्याकडे आलं. थंड असतं, म्हणून जड, असं ते सोडणाऱ्या माणसाने सांगितलं. पण माझा धूर तर तापलेला होता. जेवण होईपर्यंत मी त्या माणसाला सोडलं नाही. शेवटी तो पायसम अर्धवट टाकून उठला.

मग मी बसने नाचियारकोविलला गेले. तिथे एक ओळखीचे ओतारी आहेत, पितळी समया ओततात. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून ते मला अजून "टीचर" म्हणतात आणि उभे राहतात. मी त्यांना विचारलं, तापलेली धूळ वर जाते की खाली? भट्टीच्या तोंडाशी साठलेली बारीक राख त्यांनी फावड्यावर घेतली आणि जमिनीवर एका झटक्यात उलटली. राख पडली, पण तिचा ढीग झाला नाही. पाणी सांडावं तशी ती पसरत गेली, तीन-चार हात लांब, आणि तिच्यावर एक पातळ धुरळा तरंगत पुढे गेला. गार वाळू अशी पळत नाही, ते म्हणाले. तापलेल्या बारीक राखेत हवा अडकते, ती हवा राखेला उचलून धरते, आणि राख तिच्या पाठीवर बसून पळते. मी घरी येईपर्यंत बसमध्ये स्वतःशीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

त्यानंतर वाचन. डोळे बिघडलेत, पण हट्ट बिघडलेला नाही. वाचलं ते असं: ज्वालामुखी फुटला, किंवा माथ्यावर साचलेला तप्त खडकांचा घुमट ढासळला, की वायू, राख आणि दगड यांचा लोट उतारावरून सुटतो. राखेच्या भाराने तो आजूबाजूच्या हवेपेक्षा जड असतो, म्हणून तापलेला असूनही जमीन सोडत नाही. मोटारीने त्याच्यापुढे पळून जाणंही कठीण. त्यात येतो तो माणूस भाजतो, आणि भाजण्याआधी गुदमरतो. आणि मी? मी इतकी वर्षं फळ्यावर लाल खडूने लाव्हा काढत आले. लाव्हा बहुतेक हळू वाहतो, माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो, असंही सांगत आले. पाठ्यपुस्तकात तेवढंच होतं. पण पुस्तकात नव्हतं म्हणून मी विचारलंही नव्हतं, आणि याची मला मनापासून लाज वाटली.

पुढच्या पानावर ते वाक्य आलं. लोटाचा तळाचा जड भाग दरीच्या वाटेने जातो; पण वरचा हलका, धुळीचा आणि वायूचा भाग कधी कधी त्याच्यापासून सुटतो, दरी वळली तरी वळत नाही, आणि कडेच्या टेकाडावर चढतो.

चष्मा काढून ठेवला. भावाचं घर तेव्हा आठवलं.

मी त्याच्याकडून नदीचे फोटो मागवले, वरून, खालून, व्हरांड्यातून. वहीत नकाशा काढला. नदी डोंगरावरून सरळ येत होती, सरळ म्हणजे अगदी पट्टी लावल्यासारखी, आणि जिथे ती वळत होती तिथे तिच्या सरळ रेषेत समोर टेकाड होतं. टेकाडावर घर. मी ज्या वळणावर विसंबले होते, त्याच्याच बाहेरच्या अंगाला.

भावजयीला हळूच विचारलं, "तिथे तुमच्याखेरीज आणखी कुणाची घरं आहेत गं?"

"नाहीत वन्सं. हेसुद्धा शहरातल्या कुणा व्यापाऱ्याने बांधलेलं, वर्षानुवर्षं बंदच होतं. वरच्या गावातली एक म्हातारी येते माझ्याकडे कामाला, ती म्हणते इथे कुणी राहत नाही, इथे मेंढी उडी मारते."

"कसली मेंढी?"

"डोंगरावरून तो धूर येतो ना, त्याला ते लोकरीची मेंढी म्हणतात. आम्ही हसलो. म्हातारं माणूस, काहीतरी बोलत असतं."

मी हसले नाही. त्या म्हातारीने मला आठवडाभराचं वाचन एका वाक्यात सांगितलं होतं.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, ऐसें भिववूं नोको. तूंच घे म्हणून सांगितलीस." आणि मग त्याने पुढचं सांगितलं. डोंगर गेले काही दिवस कुरकुरत होता. खालच्या वस्तीतले कामगार घाबरले होते. ते सगळे बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले, त्यांनाही हा डोंगर नवा. भावाने त्यांना धीर दिला होता: काही झालं तर पोराबाळांसकट माझ्या अंगणात या, माझं घर उंचावर आहे, आमच्या अक्काने निवडलंय, ती भूगोलाची टीचर आहे.

म्हणजे माझी चूक आता एका घरापुरती उरली नव्हती. अख्खी वस्ती ती चढून येणार होती.

सांगून पटत नाही तर करून दाखवावं, हा माझा वर्गातला जुना उपाय. परसातला केळीचा खांब नुकताच तोडला होता. त्याच्या दोन लांब साली सोलल्या; त्या आपोआपच पन्हळीसारख्या असतात. एक धुण्याच्या दगडावर टेकवून तिरकी लावली, दुसरी तिच्या टोकाला उजवीकडे वळवून जोडली. ही नदी आणि हे वळण. वळणासमोर एक वीट उभी केली आणि विटेवर काड्यापेटी ठेवली. ते भावाचं घर. आता डोंगरातून काय सोडायचं? हाताशी कोलमाचा डबा होता. रोज सकाळी दारात कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढते त्याचा. डबाभर पीठ एका झटक्यात वरून ओतलं.

पीठ पन्हळीतून धावलं, वळणाशी आलं आणि दोन झालं. जाड भाग शहाण्या मुलीसारखा उजवीकडे वळून पुढे गेला. त्याच्यावरचा पांढरा धुरळा मात्र वळलाच नाही. तो सरळ गेला, विटेवर चढला, काड्यापेटीवर बसला. पेटीवरचं चित्र दिसेनासं झालं.

मी पुन्हा केलं. विटेवर आणखी एक वीट चढवली, तरी धुरळा चढला. वीट वळणाच्या आतल्या बाजूला ठेवली, पेटीवर जेमतेम चिमूटभर पडलं. लांब, भिंतीपाशी ठेवली, काहीच नाही. म्हणजे उंचीने काम होत नव्हतं, बाजूला होण्याने होत होतं. अकरा वेळा केलं. परस पांढरं झालं, मी पांढरी झाले, आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. भावाचा जीव टांगणीला आहे हे ठाऊक असून आनंद झाला, आणि त्याबद्दल लगेच स्वतःचा रागही आला.

भावाला फोनवर सगळं दाखवलं. इंजिनियर माणूस, म्हणाला तुझं पन्हळ वाकडं जोडलंय, वारा असेल, इथे आम्ही नीट करून बघतो. रविवारी दोघांनी व्हरांड्यात चिरलेल्या बांबूंचं पन्हळ केलं, वीट मांडली, वर काड्यापेटी. भावजयीने साताऱ्याहून आणलेला रांगोळीचा डबा काढला. मी इकडे फोनला डोळे लावून बसले.

तिने रांगोळी ओतली. ती सळसळत खाली आली, वळणाशी आली आणि सगळीच्या सगळी वळली. पेटीवर कणभरसुद्धा नाही.

"पाहिलीस, अक्का?" भाऊ म्हणाला. तो हसत होता. "वळली."

त्यांनी आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा वळली. मी फोन बंद केला. वाईट असं वाटलं की विचारू नका. एक तर माझं चुकलं असेल, मग चांगलंच आहे, सगळे सुखरूप. पण चुकलेलं नसेल तर मीच त्याच्या हातात उलटा पुरावा दिला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून कोलम काढायला बसले. काढून झाल्यावर नेहमीप्रमाणे मुंग्या आल्या. रेघेच्या कडेने एकेक कण उचलून ओळीने चालल्या. मी बघत बसले होते, डोकं रिकामं. आणि बघता बघता उठून उभी राहिले.

आमच्याकडे कोलमाच्या पिठात नुसती दगडाची पूड नसते. पूड जाड असते, चिमटीतून सुरेख सरकते, म्हणून ती हवी. पण दारातल्या रेघेवर मुंग्या-चिमण्यांचाही हक्क असतो, म्हणून त्यात तांदळाचं बारीक पीठ मिसळायचं. आईने शिकवलं तसं मी अर्धंअर्धं मिसळते. मुंग्या उचलत होत्या ते तांदूळ. आणि माझ्या परसात विटेवर चढला तो धुरळाही तांदळाचाच होता! साताऱ्याच्या डब्यात होती नुसती शिरगोळ्याची पूड. तिच्यात मुंग्यांचा वाटा नव्हता. तिच्यात उडणारं काही नव्हतंच, मग उडणार काय? डोंगराच्या पोटात मात्र दोन्ही असतं, दगडही आणि पिठासारखी राखही.

फोन लावला. भाऊ गिरणीत गेला होता, भावजय घरी होती.

"तुझ्या रांगोळीत तांदळाचं पीठ घाल. बारीक. अर्धंअर्धं."

"आत्ता? वन्सं, व्हरांड्यात वस्तीतल्या बायका आल्यात. अंथरुणं कुठे ठेवायची ते बघायला."

"मग तर आत्ताच," मी ओरडले.

तिने फोन खांबाला टेकवून ठेवला. मला दिसत होत्या दहा-बारा बायका, खाली बसलेल्या, आणि मागे खांबाशी ती म्हातारी. भावजयीने वाडगाभर तांदळाचं पीठ रांगोळीत कालवलं आणि ओतलं. जाड पूड वळली. धुरळा वळला नाही. तो विटेवर चढला, पेटी झाकली, आणि पुढे बसलेल्या बाईच्या नाकावर जाऊन बसला. ती शिंकली. बाकीच्या हसल्या, आणि मग हसता हसता एकेकीचं हसू थांबलं. कारण त्या डोंगर, नदी, वळण आणि वीट एकापाठोपाठ एक बघत होत्या. माझी भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची मला. म्हातारी मागून एकच शब्द बोलली. भावजयीला विचारायची गरज पडली नाही. मेंढी.

संध्याकाळी भावाने स्वतः करून पाहिलं, तीनदा. मग फोन केला.

"आतां यांना कैसें सांगूं? मीच या म्हटलों."

"चुकलों म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि पहिली मी चुकलें, तेंही सांग."

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो वस्तीतल्या दोघांना घेऊन गावच्या कचेरीत गेला. तिथे भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा होता, धोक्याचे पट्टे रंगवलेला. टेकाड लाल पट्ट्यात होतं. आजचं नव्हे, नकाशा लागला तेव्हापासून. आसऱ्याची शाळा पार दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या कुशीपासून लांब, सपाट जागेवर होती. गिरणीतल्या नव्या लोकांपैकी कुणी तो नकाशा बघायला गेलं नव्हतं. आणि घर निवडताना भूगोलाच्या बाईंनी तो मागितला नव्हता. टेकाड पात्रापासून किती उंच एवढं मला पुरलं, नकाशा मागितला नाही, कारण उत्तर मला आधीच येत होतं.

चार दिवसांनी इशारा वाढला आणि वस्ती शाळेत हलली. भाऊ-भावजयही गेले. आठवडा गेला, दुसरा गेला, काही झालं नाही. लोक कुरकुरायला लागले. भावाने मला टोमणा मारला की अक्का, तुझ्या केळीच्या सालीपायी शंभर माणसं शाळेच्या फरशीवर झोपतात. मी म्हटलं, झोपू देत, फरशी थंड असते, उन्हाळ्यात बरी. एकीकडे तो डोंगर गप्प बसावा म्हणून मी रोज कुंभेश्वराला जात होते, आणि दुसरीकडे तो गप्प बसला तर भाऊ मला जन्मभर चिडवेल हेही मनात येत होतं. माणूस असा असतो.

मग एका दुपारी डोंगर सुटला. मला बातम्यांतून कळलं. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. भावजयीचा लावला. ती चित्रफीत पाहताना मला किती कुतूहल वाटलं होतं! त्या दुपारी कणभर वाटलं नाही. लोट किती जड, किती तापलेला, वळला की नाही, मला काही जाणून घ्यायचं नव्हतं. मी दुसऱ्या पायरीवर, वडिलांच्या रेघेवर पाय ठेवून बसले होते आणि नुसती भीत होते. शेजारणीने कॉफी आणून ठेवली, ती तिथेच थंड झाली. दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला.

"अक्का. सगळे आहेत," भाऊ म्हणाला. "म्हातारीसुद्धां."

मी रडले. तोही रडला. मग भावजयीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि ती रडली.

टेकाडावर जायची परवानगी मिळायला बरेच दिवस लागले. गेल्यावर भावाने व्हिडिओ लावला आणि फोन सगळीकडे फिरवत राहिला. दगडांचा लोट नदीतूनच आला होता आणि टेकाडाच्या पायाशी उजवीकडे वळला होता, मी म्हटलं होतं अगदी तसा. वर एकही दगड नव्हता. घर उभं होतं. भिंती शाबूत होत्या. फक्त सगळं राखाडी होतं, पिठाइतकी बारीक राख, आणि व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या वितळून फरशीला चिकटल्या होत्या. भावजयीने कुंडीत लावलेला कढीपत्ता डोंगराच्या बाजूने काळा पडला होता. ज्या ठिकाणी वस्तीतल्या बायका बसल्या होत्या तिथे राख सर्वांत जाड होती.

"वीट दाखव," मी म्हटलं.

वीट जागेवर होती.

"पेटी कोठें?"

त्याने फोन विटेजवळ नेला. विटेच्या माथ्यावर राखेत एक चौकोन होता, जरा काळसर. बाकी काही नव्हतं.

मग त्याने घराचा विषय काढला. गिरणी पुन्हा सुरू होणार होती, त्यांना राहायला जागा हवी होती. त्याने दोन घरांचे फोटो पाठवले. एक बाजाराच्या मागे, एक शाळेच्या रस्त्यावर.

"अक्का," त्याने लहानपणापासूनच्या सवयीने विचारलं, "कोणचें घेऊं?"

फोटो बघता बघता उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मज माहीत नाहीं," मी म्हटलं. आयुष्यात त्याला हे पहिल्यांदाच सांगत होते. "त्या म्हातारीला नेऊन दाखव. आणि ती काय म्हणते तें मज सांग."